दोन अठ्ठेचाळीसची सावली

श्रीपतीकाकांनी खांद्यावरचा दहा फुटी वासा खाली टेकवला, एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "घे बाई. ह्याच्यापेक्षा सरळ माणूस सुदिक आपल्या गावात गावायचा न्हाई."

लोक हसले. मला मात्र हसू येईना. दुपारचे दोन वाजून गेले होते. मनगटावरच्या घड्याळाकडे माझी नजर मिनिटाला दोनदा जात होती, आणि डोंगरामागून एक काळा ढग वर चढायला लागला होता.

एकोणीसशे ब्याऐंशी साल, अठ्ठावीस मे, शुक्रवार. साळखिंडीच्या मशिदीशेजारच्या मोकळ्या जागेत इतकी माणसं मी उरुसातसुद्धा पाहिली नव्हती. जुम्याची नमाज नुकतीच सुटली होती. टोप्या होत्या, पटके होते, सुट्टीवर असलेली माझ्या शाळेची निम्मी पोरं होती. मुलाण्यांच्या माळवदावर बायका डोक्यावर पदर ओढून उन्हातच बसल्या होत्या. एका टोकाला माझे अब्बा, दस्तगीर गवंडी, हातात ओळंबा घेऊन उभे होते. दुसऱ्या टोकाला महबूब शिकलगार. दोघांत वीस पावलांचं अंतर, आणि दोन महिन्यांचा अबोला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होते.

आमची मशीद म्हणजे तोवर एकच खोली. त्रेपन्न साली गावात आमची सहा घरं होती. ईद आली की पुरुष मंडळी तालुक्याला दहा मैल चालत जायची. तेव्हा बावीस वर्षांच्या अब्बांनी, श्रीपतीकाका सुतारांना जोडीला घेऊन, दगड-मातीत ती खोली उभी केली. भिंती अब्बांच्या, आढं आणि दार श्रीपतीकाकांचं. त्यानंतर सहाची चाळीस घरं झाली. जुम्याला माणसं रस्त्यावर चटया टाकून उभी राहायला लागली, एस.टी. आली की पुढची रांग उठून बाजूला व्हायची. शेवटी शेजारची जागा मिळाली आणि मोठी मशीद बांधायचं ठरलं.

मार्चमध्ये अब्बांनी जुन्या भिंतीला समांतर दोऱ्या ताणल्या. दुसऱ्या दिवशी पाया खणायचा होता. तेवढ्यात कुवेतहून परत आलेल्या महबूबनं खिशातून एक चपटी डबी काढली. आत काटा हलत होता आणि मक्केतल्या काब्याची दिशा दाखवणारी खूण होती.

"चाचा, तुमची दोरी डावीकडं जातीया," तो म्हणाला. "काबा हिकडं हाय. उजवीकडं."

अब्बांनी डबीकडं बघितलंसुद्धा नाही. "डबीनं मशीद बांधत्यात व्हय रं?"

"मग आयुष्यभर चुकीच्या भिंतीकडं तोंड करून नमाज पढायची?"

हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं. अब्बा दोऱ्या तशाच सोडून घरी गेले. महबूबनं पुन्हा डबी ठेवून दाखवली, तर पायासाठी आणलेल्या लोखंडी सळ्यांच्या ढिगाजवळ काटा तिसरीकडेच वळला. मग डबीवरही कुणाचा विश्वास उरला नाही. पण शंकेचं बी पडायचं ते पडलंच. पुढच्या शुक्रवारी त्या एवढ्याशा खोलीत निम्मी रांग सरळ उभी राहिली आणि निम्मी तिरकी. सजद्याला वाकताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्याला आपटलं. नमाज पढवणारे हुसेनचाचा मुल्ला सत्तरीचे होते. बाहेर पायरीवर बसून ते म्हणाले, "सहा घरं होतो तवा एक रांग होती. चाळीस झालो, तर दोन झाल्या."

मला वाट सुचली ती वर्गात. सूर्य कुठल्या गावाच्या बरोबर डोक्यावर कधी येतो, हे मी आठवीला शिकवत होते. फळ्यावर पृथ्वी काढली होती, सूर्याचे किरण काढले होते. आणि हातातला खडू तसाच थांबला. सूर्य मक्केच्या डोक्यावरही येतच असणार! ज्या क्षणी तो बरोबर काब्याच्या वर असेल, त्या क्षणी जगात जिथं सूर्य दिसेल तिथून त्याच्याकडं तोंड केलं की काब्याकडं तोंड होणार. त्याला डबी नको, काटा नको. उभी काठी आणि तिची सावली, बस्स.

त्या दिवशी मी तास संपायच्या आधीच वर्ग सोडला. अॅटलासमधून मक्केचे अक्षांश-रेखांश काढले. सूर्य त्या अक्षांशावर कधी असतो ते पाहायला हेडमास्तरांकडून पंचांग आणलं. चार दिवस आकडेमोड केली. उत्तर आलं अठ्ठावीस मे, आपल्या घड्याळानं दुपारचे दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

हुसेनचाचांना सांगितलं तर म्हातारा उभाच राहिला. "म्हणजे सूर्यच पंच?"

"सूर्यच पंच, चाचा."

महबूब लगेच कबूल झाला. अब्बांना मी घरी विचारलं, तेव्हा ते बराच वेळ ताटातली भाकरी मोडत राहिले, खाल्ली मात्र नाही. मग एवढंच म्हणाले, "ओळंबा माझा राहील."

मला वाटलं, अभिमान. गावातल्या प्रत्येकाला तेच वाटलं. हातानं बांधलेलं चुकीचं ठरेल, म्हणून म्हातारा अडून बसलाय. आणि खरं सांगायचं तर मला उत्तरही आधीच कळलं होतं. वहीच्या मागच्या पानावर मी कोन काढून ठेवला होता. ते पान मी अब्बांना दाखवलं नव्हतं.

"दोन पंचवीस!" मी ओरडून सांगितलं.

श्रीपतीकाकांनी वासा खड्ड्यात उभा केला, भोवती दगड ठोकले. अब्बा पुढं झाले. एका बाजूनं ओळंबा धरला, मग काटकोनात दुसऱ्या बाजूनं. वारा सुटला होता. शिशाचा गोळा एका जागी ठरेना.

"वारं अडवा!" अब्बा ओरडले. "कोण हाय तिकडं? उभं ऱ्हावा की रांगेनं!"

आणि माणसं उभी राहिली. सरळवाले, तिरकेवाले, श्रीपतीकाकांचे भाऊबंद, माझी दहावीची पोरं. सगळी खांद्याला खांदा लावून, वाशापासून आठ पावलं लांब, सावलीवर सावली पडू न देता. महबूबही उभा राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती माणसं एका रांगेत आली होती, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ओळंबा हळूहळू थांबला.

"पाचर डावीकडनं मार, श्रीपती. अजून. हां, बास. आता हलला तर माझं नाव बदला."

वाशाची सावली जमिनीवर काळीकुळकुळीत पडली होती. साडेसहा फुटांची. मुंगीच्या पावलानं ती सरकत होती. पोरं तिच्याकडं श्वास रोखून बघत होती.

"दोन एकोणचाळीस!"

आणि सावली गेली.

कुणीतरी फुंकर मारून दिवा विझवावा तशी गेली. वर बघितलं, तर ढगानं सूर्य गिळला होता. माळवदावरच्या बायकांतून "या अल्लाह!" असा एकच आवाज आला.

"किती राह्यलं?" महबूबनं विचारलं.

"नऊ मिनिटं."

"आणि हुकलं तर?"

एक-दोन दिवस मागंपुढं झाल्यानं फारसं बिघडणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण ही दोन माणसं उद्या पुन्हा या जागी येतील, याचा भरवसा कोण देणार? मी पुन्हा घड्याळाकडं बघितलं.

हुसेनचाचांनी दोन्ही हात पसरून दुवा मागायला सुरुवात केली. श्रीपतीकाकांनी पटका काढून हातात घेतला आणि वर बघत ढगालाच दम भरला, "सरक की लेका! एवढी माणसं खोळंबल्याती!" पोरं फिदीफिदी हसली. मग पोरांनीच ढगाला ओरडायला सुरुवात केली, "सरक! सरक!" आणि बघता बघता सगळी रांग ओरडायला लागली. टोप्या, पटके, माळवदावरच्या बायका, सगळे. आयुष्यात मी असा गलका ऐकला नव्हता. मीही ओरडत होते.

"दोन त्रेचाळीस!"

ढगाच्या कडेला चांदीची किनार आली.

"दोन पंचेचाळीस!"

किनार रुंदावली. जमिनीवर काहीतरी फिकट उमटलं, पुसलं, पुन्हा उमटलं.

"श्रीपतीकाका, खुंटी घ्या! मी 'आत्ता' म्हटलं की सावलीच्या टोकाला मारा!"

"घेतलीया!"

अब्बा वाशाला लागून उभे होते. ओळंब्यावरची त्यांची नजर हलली नव्हती. "वासा सरळ हाय," ते पुटपुटले. "सरळच हाय."

दोन सत्तेचाळीसला सूर्य पूर्ण बाहेर आला. सावली अशी उमटली, की जणू कुणी शाईनं ओढली. मी सेकंद मोजायला लागले. पन्नास. पंचावन्न. आता एकही माणूस ओरडत नव्हता. रस्त्यावर एक म्हैस रवंथ करत होती, तिच्या दातांचा आवाज ऐकू येत होता.

"आत्ता!"

हातोड्याचा एकच घाव बसला. खुंटी जमिनीत गेली.

मग जो आवाज झाला तो वेशीपर्यंत गेला असणार. महबूबनं खुंटीपासून वाशाच्या बुंध्याला दोरी बांधली आणि तशीच पुढं नेली. श्रीपतीकाकांनी त्याच बुंध्यापासून जुन्या भिंतीला समांतर, सरळ पश्चिमेला दुसरी दोरी ताणली. दोन दोऱ्या एका जागेवरून निघाल्या आणि हळूहळू एकमेकींपासून दूर गेल्या. नवी उजवीकडं गेली. दहा फुटांवर टेप लावला. दोन फूट पाच इंच.

मागच्या पानावर मी जे काढलं होतं, तेच.

महबूबच्या बाजूच्या पोरांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. पेढे आणायला कुणीतरी सायकल दामटली. हुसेनचाचा गुडघ्यावर बसून त्या दोरीकडं बघत रडत-हसत होते. मी अब्बांना शोधलं.

ते ओळंब्याची दोरी शांतपणे गुंडाळत होते. गोळा खिशात टाकला आणि कुणाकडंही न बघता निवडुंगाच्या कुंपणातल्या फटीतून पलीकडं गेले. पलीकडं आमचं कब्रस्तान होतं.

मी धावत मागं गेले. बायकांनी तिकडं जायचा रिवाज नव्हता, पण त्या क्षणी मला कसलाच रिवाज आठवला नाही.

अब्बा आईच्या कबरीजवळ उकिडवे बसले होते. मी नऊ वर्षांची असताना ती गेली होती. मी म्हटलं, "अब्बा, तुमची चूक नाही. तुम्ही ध्रुवताऱ्यावरून उत्तर दिशा काढलीत, गुण्यानं काटकोन केलात. तुमची पश्चिम नखभरही चुकलेली नाही. मक्काच जरा उजवीकडं आहे, एवढंच."

त्यांनी मान वर केली नाही. चारचौघांत ते नेहमी मराठीत बोलत, पण आता घरातल्या आमच्या दखनीत म्हणाले, "जुली, तेरी माँ किधर मुँह करके सोई है गे?"

मला क्षणभर अर्थच लागेना. मग त्यांनी हातानं सगळ्या कबरी दाखवल्या. एकोणतीस वर्षांच्या. एकीशेजारी एक, डोकं उत्तरेला, एका ओळीत, सुतात.

"मशीद काय, पाडून दुसरी बांधता येती," ते मराठीवर आले. "भिंतीला काय हुतंय? पर हितलं प्रत्येक माणूस मी माझ्या दोरीनं निजवलंय. तोंड काब्याकडं असावं म्हणून. तुझ्या आईला मी हातानं कूस वळवून ठिवलं. आता ती कुठं बघतीया, सांग. तू शिकलीस नव्हं? सांग."

भूगोलात याला उत्तर नव्हतं. दोन महिने माझा बाप हे एकटा उरात घेऊन बसला होता, आणि मी मागच्या पानावर कोन काढत होते.

मागं निवडुंग खसखसलं. महबूब उभा होता. गुलालासारखा लाल झालेला, कपाळावर घाम, हातात पेढ्याचा पुडा. काहीतरी सांगायला म्हणून तो आला होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. हातातल्या पुड्याचं काय करावं ते त्याला कळेना.

मग तो दोन कबरी ओलांडून पुढं गेला आणि तिसरीजवळ थांबला. ती त्याच्या वडिलांची, अल्लाबक्ष शिकलगारांची होती.

"चाचा," तो म्हणाला, "बा गेला तवा मी कुवेतला हुतो. मला यायला मिळालं न्हाई. त्याला कूस कुणी दिली?"

"मी," अब्बा म्हणाले.

"मग तो बरोबर निजलाय." त्याचा आवाज फाटला. "तुमच्या दोरीवर निजलाय. मी तिथं असतो तर तुम्हालाच सांगितलं असतं, चाचा, दोरी तुम्हीच धरा."

मागून हुसेनचाचा काठी टेकत आले होते. ते म्हणाले, "दस्तगीर, काबा डोळ्यानं दिसत न्हाई त्याला दिशा पुरती. जेवढं ठावं हुतं तेवढं इमानानं केलं. ते अल्लाहनं कबूल केलंय. आता नवं कळलंय, ते नव्यात करू. उठ बाबा. चाळीस घरं उन्हात उभी हायेत."

अब्बा उठले नाहीत. महबूब त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि पुड्यातला एक पेढा त्यानं त्यांच्यापुढं धरला. "पहिली वीट तुमची. न्हाईतर मी परत कुवेतला जातो बघा."

"जा की," अब्बा म्हणाले. "डबी घेऊन जा."

महबूब आधी दचकला. मग अब्बांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि तो असा खो खो हसला की कुंपणापलीकडची माणसं वाकून बघायला लागली. अब्बांनी पेढा तोंडात टाकला, त्याच्या खांद्यावर हात टेकून उठले आणि फटीतून बाहेर येत ओरडले, "श्रीपती! चुना कुठं हाय? का सूर्य बुडायची वाट बघताय?"

चुन्याची फक्की पडली. नव्या दोरीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पांढरीशुभ्र. कुदळी पडायला लागल्या. पोरं पाट्या उचलायला धावली. मीही पदर खोचून माती ओढली, आणि मला कुणी घरी जा म्हणालं नाही. तिन्हीसांजेपर्यंत गुडघाभर पाया खणून झाला होता. मगरिबची नमाज त्या खणलेल्या मातीच्या कडेनंच झाली. एकच रांग होती, सगळी उजवीकडं वळलेली, आणि अब्बा तिच्या मधोमध.

चौऱ्याऐंशीत स्लॅब टाकला. त्या दिवशी घमेली पुढं देणाऱ्यांची साखळी मशिदीपासून विहिरीपर्यंत लागली होती, आणि साखळीत कोण कुठल्या आळीचा, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. श्रीपतीकाकांनी दाराला अशी चौकट बसवली की अजून दार कुरकुरत नाही. नंतर वरचा मजला झाला. बोअर मारली, आणि तिचा नळ रस्त्याच्या बाजूला काढला, सगळ्यांसाठी. शहाण्णव साली उत्तरेकडे बायकांची खोली झाली, स्वतंत्र जिन्याची. जुनी खोली पाडली नाही. तिथं सुट्टीत मी पोरांना गणित शिकवायचे. आता घरं सव्वाशेच्या वर आहेत आणि जुम्याला रस्ता मोकळा असतो. महबूब पुढं जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष झाला. त्या अठ्ठावीस मेनंतर अब्बांच्या हयातीत कब्रस्तानात खणल्या गेलेल्या सगळ्या कबरी नव्या दिशेवर आहेत. दोरी धरायला अब्बाच जायचे. टेप लावून, दहा फुटांवर दोन फूट पाच इंच, मोजून.

दोन हजार एकच्या पौषात अब्बा गेले. झोपेत, काही त्रास न होता. सकाळी महबूब घरी आला. त्याची दाढी पांढरी झाली होती. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "बाई, जागा आईच्या शेजारची हाय. चाचांनी मला बजावलं हुतं."

"काय बजावलं होतं?"

त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, "या कुंपणापातुर."

मी गेले. निवडुंग कधीच काढून तिथं कमरेएवढी भिंत झाली होती, अब्बांनीच बांधलेली. भिंतीच्या अलीकडं मी उभी राहिले. पलीकडं महबूब स्वतः गुडघ्यावर बसून दोरी ताणत होता. एक टोक आईच्या कबरीच्या उशाला, दुसरं पायथ्याला. मग तीच दोरी त्यानं हातभर बाजूला सरकवून नव्या जागेवर धरली. टेप खिशातच होता, त्यानं काढला नाही. आईच्या ओळीला ओळ. बरोबर उत्तर-दक्षिण. नव्या दिशेपासून दहा फुटांवर दोन फूट पाच इंच डावीकडं.

हुसेनचाचा नव्हते आता. नवे इमामसाहेब तरुण होते. ते दोरीकडं बघत होते, महबूबकडं बघत होते, पण अडवत नव्हते.

महबूबनं मान वळवून मला हाक मारली. "बाई, तुमी भूगोलाच्या. एकदा बघा. दोरी बरोबर हाय नव्हं?"

भिंतीवर दोन्ही हात टेकून मी नीट बघितलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "खणा."